यंत्राशी बोलायचं कुणी?

'कृत्रिम' या शब्दाने मला आयुष्यभर छळलं आहे. कृत्रिम दात बसवले, ते भाचीच्या लग्नात पंक्तीतच जिलबीला चिकटले. कृत्रिम फुलं आणली, त्यांच्यावरची धूळ पुसायला खरी बाई ठेवावी लागली. त्यामुळे कृत्रिम बुद्धिमत्ता आली म्हटल्यावर मी गप्पच राहणार होतो. पण हल्ली जो उठतो तो या विषयावर बोलतो, आणि बोलता बोलता एक वाक्य हमखास टाकतो, "कामगारांना काय कळणार हो त्यातलं!" हे वाक्य ऐकलं की माझे कृत्रिम दातसुद्धा शिवशिवतात.

माझी उभी हयात भोसरीच्या कारखान्यांत गेली. लेथवर नव्हे, हिशेबाच्या टेबलावर. म्हणजे तेलाचे डाग पडलेली बिलं मी पुष्कळ पाहिली, तेल फारसं नाही. निवृत्त झाल्यावरही दोन-तीन वर्कशॉपची वहीखाती बघतो. सीएनसी यंत्रं आली तेव्हाही हेच वाक्य मी ऐकलं होतं. पुढे काय झालं? दहावीला इंग्रजीत गटांगळ्या खाल्लेली पोरं सहा महिन्यांत 'जी-झिरो-वन', 'एम-झिरो-थ्री' अशी भाषा बोलायला लागली. एम-थर्टी म्हणजे प्रोग्रॅम संपला. वार्षिक समारंभात साहेबांचं भाषण लांबलं की मागच्या रांगेतून हळूच आवाज यायचा, "एम-थर्टी!" साहेबांना त्याचा अर्थ शेवटपर्यंत कळला नाही. आता कळण्याचा प्रश्न नेमका कुणाचा, ते तुम्हीच ठरवा.

मागे एका बड्या हॉटेलात 'शॉपफ्लोअरसाठी एआय' असं चर्चासत्र झालं. मालकांच्या कृपेने मीही गेलो; जेवण उत्तम होतं. व्यासपीठावर सहा कोट बसले होते. सभागृहात मालक, मालकांची मुलं, सल्लागार आणि सल्लागारांचे सल्लागार. शॉपफ्लोअरवरचा माणूस औषधालाही नाही. मधेच प्रोजेक्टर बंद पडला तेव्हा हॉटेलचा वायरमन आला, तेवढीच काय ती कष्टकऱ्यांची उपस्थिती. त्याने दोन मिनिटांत बिघाड काढला आणि कुणी आभार मानायच्या आत तो निघूनही गेला.

आता एका वर्कशॉपची हकीकत. नाव सांगत नाही, माझा तिथला चेक अजून यायचाय. तिथे एका यंत्राच्या स्पिंडलवर काड्याच्या पेटीएवढी डबी बसवली. यंत्राची थरथर ती चोवीस तास ऐकते आणि नेहमीपेक्षा वेगळी वाटली तर निरोप धाडते. कल्पना झकास. एके दिवशी डबीने खरोखरच निरोप धाडला. इंग्रजीत. मालकांच्या चिरंजीवांच्या मोबाइलवर. चिरंजीव नाशिकला मित्राच्या हळदीत नाचत होते. इकडे यंत्रावरचा बिहारी पोरगा सकाळपासून सुपरवायझरला सांगत होता, "साहब, आवाज बदल गया है." सुपरवायझर म्हणाला, "आवाज राहू दे, तू जॉब काढ." संध्याकाळी बेअरिंग गेलं. डबीला ठाऊक होतं, पोराला ठाऊक होतं. दोघं एकमेकांपासून दोन हातांवर, पण त्यांची ओळखच कुणी करून दिली नव्हती! मला कळलं ते बिल टेबलावर आलं तेव्हा.

जपानात साकिची टोयोडांनी १९२४ साली असा माग पुरा केला की धागा तुटला की तो आपोआप थांबायचा. पुढे त्या घराण्याने मोटारी काढल्या, आणि तिथल्या कामगारांच्या हाताशी एक दोरी आली. काही बिघडलंसं दिसलं की दोरी ओढायची. मदत धावून येते, आणि गरज पडली तर अख्खी लाइन थांबते. यंत्राला थांबायची अक्कल, माणसाला थांबवायचा हक्क. आपण त्यातली अक्कल तेवढी हप्त्यावर विकत घेतली. दोरी मागवायची राहूनच गेली.

माझं म्हणणं असं आहे की ती डबी त्या पोराशी बोलली पाहिजे. त्याच्या भाषेत, आणि लिहून नव्हे, तोंडाने; कूलंटने माखलेल्या बोटांनी टाइप करून बघा म्हणजे कळेल. मराठी, हिंदी, भोजपुरी, उडिया, भोसरी-चाकणला काय म्हणाल ती भाषा आहे. हे काही चंद्रावर जाणं नव्हे. भारतीय भाषांत बोलणं, ऐकणं, भाषांतर करणं यासाठी सरकारनेच २०२२ साली 'भाषिणी' सुरू केली. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. गावाकडच्या आईला हीच पोरं बोलून निरोप पाठवतात.

इथे आमच्या सोसायटीतले एक विद्वान बोट वर करतात. "अहो, हे एआय ठणठणीत आवाजात चुकीचं सांगतं! कामगार फसेल." चुकीचं सांगतं, शंभर टक्के मान्य. पण मग ते तपासणार कोण? जो माणूस व्हर्नियर लावल्याशिवाय स्वतःच्या डोळ्यावरही विश्वास ठेवत नाही तो, की त्याने लिहिलेला रिपोर्ट न वाचता तसाच्या तसा बँकेला पाठवणारे साहेब?

दुसरं दुखणं याहून खोल आहे. त्याच वर्कशॉपात तपासणीला एक मामा आहेत. सव्वीस वर्षं नोकरी. बोअरमध्ये केसाएवढा ओरखडा असला तरी यांना दिसतो. तिथे तपासणीचा कॅमेरा आला. कॅमेऱ्याला चांगलं-वाईट शिकवायला मामांना तीन आठवडे संगणकासमोर बसवलं. हजारो फोटो, प्रत्येकाला 'पास' नाहीतर 'रिजेक्ट'. सव्वीस वर्षांचा डोळा तीन आठवड्यांत उतरवून घेतला आणि मामांना पॅकिंगला पाठवलं. त्या तीन आठवड्यांचा ओव्हरटाइमसुद्धा नाही. मी हजेरीपत्रक पाहिलंय. कॅमेऱ्याच्या कंपनीला मात्र दरमहा पैसे जातात, 'बुद्धिमत्ता शुल्क' या नावाने. अहो, बुद्धिमत्ता कुणाची?

उरलेल्या कॅमेऱ्यांचं काय चाललंय म्हणाल, तर ते चहाला गेलेली माणसं मोजतात. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या, त्यांत दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी होती आणि आठवड्याचा रविवार होता. रविवार मिळायला १८९० उजाडलं. त्या अर्ध्या तासावर आता यंत्राचा डोळा! कोण किती मिनिटं बसला, कोण दोनदा उठला, हे तक्ते मात्र मराठीत हवेत असं अजून कुणी म्हटलेलं नाही. ते साहेबांना इंग्रजीत छान समजतात.

म्हणून नुसतं 'कामगारांना एआय शिकवा' एवढ्यावर माझं समाधान होत नाही. कामगाराला त्या यंत्राला 'का?' असं विचारता आलं पाहिजे. 'चूक' असं म्हणता आलं पाहिजे, ते त्याच्या नावावर नोंदलं गेलं पाहिजे, आणि त्या नोंदीचे पैसे पगारात दिसले पाहिजेत. बोनसचा कागद मीच बनवतो, रकाना वाढवायला मला पाच मिनिटं लागतील.

तर तो मामांचा कॅमेरा. सकाळी शहाण्यासारखा वागतो आणि दुपारी चारनंतर चांगले जॉब सटासट रिजेक्ट करतो. कंपनीचे इंजिनिअर दोनदा येऊन गेले, काहीतरी 'अपडेट' करून गेले, त्याचं बिलही लावून गेले. मी पॅकिंगला जाऊन मामांना विचारलं. मामा खोका बांधता बांधता म्हणाले, "अहो साहेब, चारला पश्चिमेच्या खिडकीतनं ऊन येतंय त्याच्यावर. जॉब चमकतो, त्याला वाटतं ओरखडा. मी होतो तवा खिडकीला गोणपाट लावायचो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कुणी इचारलंच न्हाई."

पडद्याला साडेतीनशे रुपये पडतात. मागणीपत्र मी स्वतः लिहून दिलंय. तीन आठवडे झाले, चिरंजीवांची सही व्हायची आहे.