पथ्य की उपासमार?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एस. टी.तून निवृत्त झालेले, एकसष्ट वर्षांचे एक चालक तपासणीसाठी माझ्या दवाखान्यात आले. पुण्यात बायपास होऊन त्यांना दहा आठवडे झाले होते. मी त्यांना वजनकाट्यावर उभे केले. शस्त्रक्रियेआधी ७४ किलो असलेले वजन ६५ वर आले होते. मी खूश होऊन म्हणालो, "वा! नऊ किलो उतरलं की. असंच चालू ठेवा."

सोबत त्यांच्या पत्नी होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, काट्यावर बरं दिसतंय, पण ह्यांना खुर्चीतून उठवायला मला हात द्यावा लागतो. आणि पायावरची जखम अजून ओलीच आहे."

मी पायजमा वर करायला लावला. एके काळी दिवसभर क्लच दाबणारा तो पाय काठीसारखा झाला होता. पोट मात्र जिथल्या तिथे होते. रक्तातील जेवणानंतरची साखर २४० निघाली. मग मी जेवणाची चौकशी केली. सकाळी तांदळाची पेज, दुपारी मऊ भात आणि वरणाचे वरचे पाणी, रात्री पुन्हा पेज. दूध बंद, दही बंद, अंडी बंद, शेंगदाणे बंद, उसळी वातूळ म्हणून बंद. "हे पथ्य कोणी सांगितलं?" मी विचारले. "तुम्हीच तर म्हणालात, तेलकट-तुपकट सगळं बंद करा."

बाई खोटे बोलत नव्हत्या. डिस्चार्ज कार्डावर आहाराची एकच ओळ होती: तेल, तूप, मीठ कमी. ती वाचून मीही घाईघाईत तेवढेच सांगितले होते. काय खायचे नाही ते सांगितले, काय खायचे ते सांगितले नाही. उरलेले पथ्य शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणि पाहुण्यांनी पूर्ण केले.

वाचकहो, आज हा विषय घेण्याचे कारण एवढेच की हे एका घरात घडलेले नाही. आपल्याकडे हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर पथ्याच्या नावाखाली रुग्णाची उपासमार होते. ती प्रेमापोटी होते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

वजन कशाचे उतरले?

काटा किलो सांगतो, ते किलो चरबीचे की मांसाचे हे सांगत नाही. आपल्या भारतीय शरीराच्या बाबतीत तर काटा हमखास फसवतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले होते. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बी.एम.आय., दोघांचाही २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! दिसायला दोघेही सडपातळ. आपल्यातले अनेक जण असेच आहेत: हातपाय बारीक, पोट सुटलेले, स्नायू कमी आणि चरबी जास्त.

असा माणूस शस्त्रक्रियेला जातो, तेव्हा त्याची स्नायूंची शिल्लक मुळातच कमी असते. शस्त्रक्रिया म्हणजे शरीराला बसलेला मोठा धक्का. छातीचे हाड उभे कापून पुन्हा तारांनी बांधलेले असते, पायातून किंवा हातातून रक्तवाहिनी काढलेली असते. पुष्कळ रुग्णांचे रक्त काही काळ हृदय-फुप्फुस यंत्रातून फिरवलेले असते. एवढी दुरुस्ती करायला शरीराला प्रथिने लागतात. जेवणातून ती मिळाली नाहीत तर शरीर स्वतःचेच स्नायू मोडून वापरते. घरात पैसा येत नसेल तर बाईच्या अंगावरचे दागिने मोडावे लागतात, तसाच हा प्रकार आहे. त्यात अंथरुणावर पडून राहिल्याने स्नायू आणखी झडतात.

स्नायू म्हणजे फक्त दंड आणि मांड्या नव्हेत. श्वास घेणे आणि खोकून कफ बाहेर टाकणे हेही स्नायूंचेच काम. स्नायू गेले की कफ साठतो, जखम रेंगाळते, तोल जातो, माणूस पडतो. "ऑपरेशन यशस्वी झालं, पण अंगात त्राण राहिलं नाही," हे वाक्य मी कितीदा ऐकले असेल! त्याचा दोष पुष्कळदा हृदयाकडे नसून ताटाकडे असतो.

ही गोष्ट नवी नाही

१९३६ साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथे स्टडली नावाच्या शल्यचिकित्सकाने जठरव्रणाच्या शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचे वजन २० टक्क्यांहून अधिक घटले होते, त्यांच्यातले सुमारे ३३ टक्के दगावले. इतरांमध्ये हेच प्रमाण ३.५ टक्के होते. हृदयशस्त्रक्रियेच्या बाबतीत १९९९ मध्ये अमेरिकेतच पाच हजारांवर रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांचा बी.एम.आय. २० पेक्षा कमी किंवा रक्तातील अल्ब्युमिन २.५ पेक्षा कमी, त्यांना मृत्यूचा धोका जास्त आढळला. फार स्थूल रुग्णांमध्ये जखमेत जंतुसंसर्ग अधिक होता. अल्ब्युमिन केवळ कुपोषणाने नव्हे, तर शरीरातील दाहाने आणि यकृत-मूत्रपिंडाच्या आजारानेही घटते, हे खरे. तरीही अर्थ स्पष्ट आहे. आपण सारे लठ्ठपणाला भितो, रोडपणाला कोणी भीत नाही. हृदयाच्या रुग्णाने दोघांनाही भ्यावे.

म्हणून मी आता काट्याबरोबर शिंप्याची टेपही टेबलावर ठेवतो. पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजायचा. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरवल्याप्रमाणे पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांत ३३ पेक्षा कमी माप आले, तर स्नायू घटल्याची शंका घ्यावी. आमच्या चालकसाहेबांचे माप २९ आले. पायावर सूज असेल तर मात्र हे माप फसते.

सुजेवरून आणखी एक सावधगिरी. दोन-तीन दिवसांत वजन एकदम दोन किलोंनी वाढले, तर "अंगी लागतंय" म्हणून आनंद मानू नका. ते पाणी असते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

ताटात काय हवे?

निरोगी प्रौढ माणसाला दररोज किलोमागे साधारण पाऊण ते एक ग्रॅम प्रथिने पुरतात. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर १.२ ते १.५ ग्रॅम लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला कमीत कमी ७२ ग्रॅम. पेजेच्या वाटीत मोठ्या मुश्किलीने दोन ग्रॅम असतात. वर ती मधुमेही माणसाची साखर वाढवते. पेज वाईट नव्हे, पण तिच्यावर हाड सांधत नाही.

हे ७२ ग्रॅम कसे जमवायचे? त्यासाठी महागड्या डब्यातली पावडर लागतेच असे नाही. सकाळी कपभर साय काढलेले दूध आणि मुगाची दोन धिरडी, किंवा एक अख्खे अंडे आणि आणखी दोघांचा पांढरा भाग. दुपारी ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, वाटीभर मोडाची मटकी आणि दही. चार वाजता मूठभर फुटाणे. रात्री दोन पोळ्या, भाजी आणि थोडे घरचे पनीर किंवा पिठले. झोपताना पुन्हा कपभर दूध. मांसाहारी घरात मासे किंवा चिकनचा रस्सा चालेल, वरचा तवंग काढून. भूक मंद असते म्हणून तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा वेळा थोडे थोडे द्यावे. वरणाचे पाणी रुग्णाला आणि खालची डाळ घरच्यांना, ही पद्धत आता उलटी करा.

तेल बंद करायचे नाही, मोजायचे. दिवसाला चार लहान चमचे पुरेत. वनस्पती तूप, फरसाण, पापड, लोणचे मात्र खरोखरच दूर ठेवावे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिने डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत. कृत्रिम झडप बसवून वॉरफरीन चालू असलेल्यांनी पालेभाजी सोडू नये, पण तिचे प्रमाण रोज सारखे ठेवावे.

दात पाहायलाही विसरू नका. कित्येक म्हातारी माणसे पेज खातात ती पथ्य म्हणून नव्हे, तर कवळी सैल झाली म्हणून!

आणि नुसते खाऊन भागत नाही. खाल्लेले स्नायूंत जिरायला चालावे लागते. डॉक्टरांनी परवानगी दिली की पहिल्या आठवड्यात अंगणात, मग गल्लीच्या टोकापर्यंत, असे रोज थोडे वाढवावे. छातीचे हाड जुळायला सहा ते आठ आठवडे, कधी बारा लागतात. तोवर पाण्याची बादली उचलू नये आणि हातांवर भार देऊन उठू नये. मांड्यांच्या जोरावर खुर्चीतून उठणे-बसणे हाच उत्तम व्यायाम.

माझे म्हणणे

आता थोडे स्पष्ट बोलतो. महाराष्ट्रात २०१२ पासून राजीव गांधी जीवनदायी आणि पुढे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळे गरिबाघरच्या माणसालाही बायपास परवडू लागली, ही फार मोठी गोष्ट झाली. पण लाखाची शस्त्रक्रिया करायची आणि आहार एका ओळीत उरकायचा, हे शेत नांगरून, पेरून पाणी न देण्यासारखे आहे. डिस्चार्जच्या दिवशी रुग्णाबरोबर घरात स्वयंपाक करणारे माणूस बसवून आहारतज्ज्ञाने अर्धा तास बोलावे. मराठीत, वाटी-चमच्याच्या मापात लिहिलेला कागद द्यावा. आमच्यासारख्या गावच्या डॉक्टरांनी दर भेटीला वजनाबरोबर पोटरी मोजून कार्डावर लिहावी. याला कुठलेही यंत्र लागत नाही.

शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंतचे आठवडेही वाया जातात. घरचे म्हणतात, "ऑपरेशन होऊ दे, मग बघू." तातडीची शस्त्रक्रिया नसेल तर त्याच दिवसांत प्रथिने वाढवा, साखर आटोक्यात आणा, विडी, तंबाखू आणि मिश्री सोडा, डॉक्टरांना विचारून श्वासाचे व्यायाम करा.

एक काळजी विशेष वाटते ती बायकांची. संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्या आमच्याकडच्या कितीतरी मुली-बाया आधीच हडकुळ्या असतात. शस्त्रक्रिया होऊन घरी आल्या की महिन्याभरात चुलीपुढे, आणि सगळ्यांचे झाल्यावर उरलेले त्यांच्या पानात. नवऱ्याच्या बायपासनंतर बायको त्याच्यासाठी वाटी राखून ठेवते. बायकोच्या शस्त्रक्रियेनंतर तिची वाटी कोण राखतो? ज्या घरात अशी बाई आहे, त्या घरातल्या पुरुषांनी आज रात्री तिच्या ताटाकडे एकदा पाहावे.

आमच्या चालकसाहेबांचे पुढे काय झाले, हे आपण विचारालच. पेज बंद केली, जेवण वाढवले, मधुमेहाची औषधे बदलली, जखमेचे ड्रेसिंग चालू ठेवले. सहा आठवड्यांनी जखम भरली. अडीच महिन्यांनी वजन ६८ झाले आणि पोटरी ३१ सेंटिमीटर. अजून कमीच आहे. पण परवा ते दवाखान्याच्या सात पायऱ्या कठडा न धरता चढून आले आणि हात न टेकता बाकावरून उठले. बाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत, मीही बोललो नाही.

त्या दिवसापासून मी एक नियम केला आहे. पथ्य सांगताना 'हे खाऊ नका' असे एकदा म्हटले, तर 'हे खा' असे दोनदा म्हणायचे. आपल्या घरी कोणी हृदयाच्या शस्त्रक्रियेतून उठले असेल, तर आपणही तेवढे करा.