मिश्रण आणि भेसळ

ज्या जिल्ह्यात दारूबंदीचे राळेगणसिद्धीही आहे आणि श्रीरामपूरनजीकचे मद्याचे टिळकनगरही आहे, त्या आमच्या नगर जिल्ह्यातील मद्यरसिकांत अलीकडे एक मत सिद्धांताच्या थाटात मांडले जाते, ते असे की, घ्यावी तर सिंगल मॉल्टच घ्यावी. ब्लेंडेड स्कॉच, त्यातही स्वस्त, वयाचा आकडा नसलेली व हिंदुस्थानात बाटलीबंद झालेली, म्हणजे उघड भेसळ होय.

भेसळीत लपवाछपवी असते. मिश्रणात योजना असते. धान्य व मसाले भाजून, दळून केलेल्या येसुराची आमटी ओरपताना ज्याला त्यात भेसळ दिसत नाही, त्याने बार्लीची मॉल्ट आणि मका-गव्हाची ग्रेन व्हिस्की यांच्या संयोगाला नाक मुरडावे, हे तर्कदुष्ट आहे. महसूल भरण्यापूर्वी सरकारी देखरेखीखालील वखारीतच हा संयोग करण्याची मुभा ब्रिटिश कायद्याने १८६० साली दिली. आणि ग्रेनला व्हिस्की म्हणावे की नाही, हा तंटा विकोपास गेला तेव्हा १९०८ साली नेमलेल्या शाही आयोगाने पुढच्याच वर्षी ग्रेनच्या बाजूने निवाडा दिला.

वयाची फिर्यादही टिकत नाही. स्कॉच या नावाखाली विकायची प्रत्येक व्हिस्की स्कॉटलंडातच, ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरलेली असावी लागते. आकडा छापला तर तो मिश्रणातील सर्वांत कोवळ्या घटकाचा. राहिले येथे बाटलीबंद होण्याचे: मोठ्या टाक्यांतून इकडे आलेला माल येथे पाणी घालून साधारण ४२.८ टक्क्यांवर आणून भरतात. बाटली-खोक्यावरची जकात वाचते व दर उतरतो. माल मात्र स्कॉचच राहतो; उलट आमच्याकडील कित्येक देशी 'व्हिस्की' उसाच्या मळीच्या मद्यार्काच्या असतात, व युरोपीय कायदा त्यांना व्हिस्की मानीतच नाही. १९३३ साली साखर कारखाना म्हणून उभ्या राहिलेल्या व पुढे मद्यासाठी प्रसिद्धी पावलेल्या टिळकनगरच्या शेजाऱ्यांना मळी म्हणजे काय, हे तरी सांगावयास नको.

आता मंडन, तेही याच वर्गातल्या एका बाटलीचे. विल्यम सँडरसनने १८८२ साली शंभराच्या आसपास मिश्रणे तयार करून जाणकारांपुढे ठेविली व त्यांनी पसंत केलेल्या पिंपाचा क्रमांक हेच नाव ठरविले; तीच व्हॅट ६९. चव आधी, नाव मागाहून, हा क्रम मला आदर्श वाटतो. त्याच क्रमाने पाहता तिचा गंध हलका, गोडसर, किंचित धान्याचा. थोडे पाणी घातल्यावर ती खुलते. मात्र शेवट आखूड, आणि कोऱ्या घोटात ग्रेनचा कोवळा तिखटपणा जाणवतो, हेही कबूल केले पाहिजे. मॉल्टची खोली तीत शोधणे व्यर्थ, पण दिलेल्या पैशाला ती जागते; दुप्पट दराने मात्र मी ती घेणार नाही. सोडा ओतल्यावर सगळ्या सारख्याच, असे म्हणणाऱ्यांशी माझा वाद नाही. त्यांनी सोडाच प्यावा.

गेल्या हिवाळ्यात एका मॉल्टनिष्ठ स्नेह्यापुढे मी दोन पेले झाकून ठेविले आणि अभिप्राय विचारला. त्यांनी दोन्ही बराच वेळ हुंगले, चाखले, आणि म्हणाले, "आधी बाटल्या दाखवा."