सायकलस्वाराचा रस्ता आणि राज्यांची लेखणी

लुधियाना, कानपूर, आसनसोल किंवा कोइमतूर, यांपैकी कोणत्याही शहरात सकाळची पाळी सुरू होण्यापूर्वीचा अर्धा तास हमरस्त्यावर उभे राहून पाहावा. हँडलला जेवणाचा डबा अडकवलेले शेकडो सायकलस्वार रस्त्याच्या डाव्या कडेने जात असतात आणि त्यांच्या कोपरापासून हातभर अंतरावरून ट्रक व बसगाड्या पुढे निघतात. आपल्या धोरणचर्चेत सायकल येते ती बहुधा व्यायाम किंवा पर्यावरण यांच्या संदर्भात. या माणसांच्या लेखी ती रोजचे बसभाडे वाचवणारी वस्तू आहे.

त्यांची संख्याही उपेक्षणीय नाही. २०११ च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योग वगळून इतर कामगारांच्या प्रवासाची नोंद झाली. त्यांतील सुमारे १३ टक्के लोक कामावर सायकलने जात होते. हे प्रमाण दुचाकी मोटारवाहनाने जाणाऱ्यांपेक्षा किंचित जास्त, तर मोटारीने जाणाऱ्यांच्या कित्येक पट होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही देशातील जवळपास निम्म्या कुटुंबांकडे सायकल आढळली. मोटार मात्र शंभरांतील आठ कुटुंबांकडेही नव्हती. तरीही रस्त्याचा आराखडा, सिग्नलची वेळ आणि वाहतुकीचे नियम या तिन्ही गोष्टी मोटारचालकाला गृहीत धरून ठरतात.

हा विषय आज मांडण्याचे कारण कायदेशीर आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा नावाप्रमाणेच मोटारवाहनांचा कायदा आहे आणि सायकल त्याच्या व्याख्येत बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३८ मध्ये पोटकलम (१अ) घालण्यात आले. यांत्रिक शक्तीवर न चालणारी वाहने आणि पादचारी यांच्या वावराचे व प्रवेशाचे नियमन करणारे नियम रस्तासुरक्षेसाठी करण्याचा अधिकार त्यायोगे राज्य सरकारांना मिळाला. हा अधिकार बराच काळ कागदावरच राहिला. कोइमतूरच्या एका अस्थिशल्यचिकित्सकाने २०१२ साली दाखल केलेल्या रस्तासुरक्षेच्या जनहित याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये, हे नियम सहा महिन्यांत करावेत, असा निर्देश राज्यांना दिला. नियम वेळेत होतात की नाही हा एक प्रश्न आहे. ते कोणासाठी होतात, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

‘प्रवेशाचे नियमन’ या शब्दांचे दोन अर्थ संभवतात. दुर्बळ घटकाला रस्त्यावर सुरक्षित जागा देणे हा एक आणि त्याला रस्त्यावरून दूर करणे हा दुसरा. प्रशासनात दीर्घकाळ काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते, की दुसरा मार्ग सोपा असतो. त्याला निविदा लागत नाही, अतिक्रमण हटवावे लागत नाही. एक अधिसूचना आणि एक फलक पुरतो.

याचे ठळक उदाहरण कोलकात्याचे आहे. धीम्या वाहनांमुळे वाहतूक खोळंबते, या कारणास्तव तेथे २००८ पासून अनेक रस्त्यांवर सायकलींना मज्जाव होऊ लागला. २०१३ मध्ये अशा रस्त्यांची संख्या १७४ वर गेली आणि टीका झाल्यानंतर ती ६२ पर्यंत खाली आणण्यात आली. दूधवाले, वृत्तपत्र विक्रेते, कारागीर यांना दंड भरावा लागला किंवा गल्लीबोळांतून वळसे घालावे लागले. त्याच पश्चिम बंगालमध्ये २०१५ पासून ‘सबुज साथी’ योजनेखाली शाळकरी मुलामुलींना लाखोंच्या संख्येने सायकली वाटल्या गेल्या. राज्य एका हाताने सायकल देते आणि राजधानीत दुसऱ्या हाताने ती अडवते, ही विसंगती एका राज्यापुरती नाही.

सायकलीचे सामाजिक मोल सिद्ध करण्याची आता गरज उरलेली नाही. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या प्रारंभी साक्षरता चळवळीने हजारो ग्रामीण स्त्रियांना सायकल शिकवली. बिहारने २००६ मध्ये नववीतील मुलींसाठी सायकल योजना आणली. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार तिच्यामुळे माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे-मुली यांच्यातील तफावत ४० टक्क्यांनी घटली. मुलीच्या हाती सायकल देणाऱ्या शासनाने ती मुलगी ज्या रस्त्याने शाळेत जाणार, त्या रस्त्याचीही जबाबदारी घ्यायला हवी.

अपघातांचे चित्र काय सांगते? २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सायकलस्वार सुमारे तीन टक्के आणि पादचारी सुमारे साडेएकोणीस टक्के होते. म्हणजे पाचांतील एकाहून अधिक बळी असे होते, ज्यांच्याकडे स्वतःचे असे कोणतेही इंजिन नव्हते. अपघाताचे मूळ वेगातील तफावतीत आहे. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या वाहनाची गतिज ऊर्जा ३० ने जाणाऱ्या त्याच वाहनाच्या चौपट असते. म्हणूनच २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जेथे वाहने आणि पायी वा सायकलने जाणारी माणसे एकत्र वावरतात तेथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असे म्हटले गेले. आपल्याकडे केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार नगरपालिका हद्दीत मोटारींसाठी कमाल मर्यादा ताशी ७० किलोमीटर आहे. ती कमी करण्याची मुभा राज्यांना आहे. ती वापरण्याची इच्छा क्वचितच दिसते.

सायकलस्वारांवर बंधने नसावीत, असा याचा अर्थ नव्हे. एके काळी अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि पितळी बिल्ला देत. दिवा नसलेली सायकल रात्री अडवली जाई, डबलसीट नेणाऱ्याला शिपाई खाली उतरवी. त्या व्यवस्थेत जाच होता, पण सायकल हे रस्त्यावरचे एक वाहन आहे ही मान्यताही होती. आज दिवा व परावर्तक वापरणे, वळताना हाताने इशारा देणे, सिग्नल पाळणे, डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या आणि कडेच्या मधल्या फटीत न शिरणे हे नियम सायकलस्वाराने पाळलेच पाहिजेत. यांतील बहुतेक नियम त्याच्याच जिवासाठी आहेत.

उलट दिशेने येणाऱ्या सायकलींबद्दल मात्र थोडा विचार व्हावा. जेथे दुभाजकाला दोन किलोमीटरपर्यंत खंड नाही, तेथे समोरच्या कारखान्यात जाणाऱ्याला पायडल मारत चार किलोमीटर जादा फिरावे लागते. मोटारचालकाला हा वळसा काही मिनिटांचा, सायकलस्वाराला तो अर्ध्या पाळीइतका थकवणारा असतो. नियमभंग त्याचा खरा, पण त्याला त्या कोंडीत ढकलणारा आराखडा शासनाचा असतो.

जबाबदारीची वाटणी करताना तत्त्व एकच असावे. ज्याच्याकडून अधिक इजा होऊ शकते, त्याच्यावर अधिक दक्षतेचे बंधन. ब्रिटनने २०२२ मध्ये आपल्या वाहतूक संहितेत हीच उतरंड स्वीकारली. फ्रान्समध्ये सायकलस्वाराला मागे टाकताना वस्तीत एक मीटर आणि वस्तीबाहेर दीड मीटर अंतर राखावे लागते. ‘पुरेसे अंतर’ हा शब्दप्रयोग पोलिसाच्या हाती काहीच देत नाही, आकडा देतो. अंतर मोजणार कोण, हा आक्षेप येईल. पण आकड्याचे पहिले काम दंड करणे नसून चालकाला शिकवणे हे असते. परवान्याच्या परीक्षेत तो विचारला गेला, बस व ट्रकचालकांच्या प्रशिक्षणात तो आला, तरी सवय बदलू लागते. शिवाय अपघातानंतर निष्काळजीपणा ठरवताना न्यायालयाला त्याचा आधार मिळतो.

दुसरा आक्षेप जागेचा. आमचे रस्ते अरुंद आहेत, सायकलमार्ग कोठे करणार? भारतीय रस्ते परिषदेने सायकलमार्गांचे मानक १९६२ मध्येच काढले आणि २०१५ मध्ये ते सुधारले. चंदीगडच्या आराखड्यात सायकलींसाठी स्वतंत्र श्रेणीचे मार्ग आले. दिल्लीत २००८ साली सुरू झालेल्या जलद बस मार्गालगत सायकलींना जागा होती. २०१६ मध्ये तो मार्गच उखडला गेला. त्यामुळे अडचण केवळ रुंदीची नाही. केलेला मार्गही वाहनतळ, फेरीवाले आणि दुचाकी यांच्या ताब्यात जातो आणि मग ‘सायकलस्वार तो वापरतच नाहीत’ असा अहवाल लिहिला जातो. जेथे खरोखरच जागा नाही, तेथे उत्तर वेग कमी करण्याचे आहे, सायकल काढून टाकण्याचे नाही.

राज्यांच्या विधी विभागांनी मसुदा लिहिताना म्हणून काही गोष्टी स्पष्ट कराव्यात. पर्यायी सुरक्षित मार्ग दिल्याविना कोणत्याही रस्त्यावर सायकलबंदी होणार नाही. शाळा, बाजार आणि औद्योगिक वसाहतींच्या परिसरात ताशी ३० किलोमीटरची मर्यादा राहील. मागे टाकण्याचे अंतर मीटरमध्ये लिहिले जाईल. सदोष आराखड्यासाठी रस्ता बांधणाऱ्या यंत्रणेला दंड करणारे कलम १९८अ प्रत्यक्ष वापरले जाईल. आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीत पोलीस, बांधकाम व परिवहन अधिकाऱ्यांच्या बरोबरीने रोज सायकलने कामावर जाणारी एक तरी व्यक्ती असेल. अशा बैठकांना मी वर्षानुवर्षे बसलो आहे; आम्ही सारे तेथे सरकारी मोटारीने जात होतो, आणि आमच्या ठरावांत ते दिसत असे.

२००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या प्रवासाला प्राधान्य देण्याचे मान्य केले होते. ते तत्त्व आता अंमलबजावणीयोग्य नियमात उतरवण्याची संधी राज्यांना न्यायालयाने दिली आहे. तिचा उपयोग कोलकात्यासारखे फलक लावण्यासाठी झाला, तर सहा महिन्यांची मुदत पाळूनही राज्ये आपल्या कर्तव्यात चुकली, असेच म्हणावे लागेल.