सर्वांत अशक्त खेळाडू मैदानात हवाच

मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर मर्यादा आलेल्या खेळाडूंचे राष्ट्रीय फुटबॉल संघ आज अनेक देशांत आहेत. मेंदूचा पक्षाघात, अर्थात सेरेब्रल पाल्सी, किंवा अपघातात मेंदूला झालेली दुखापत असणारे हे खेळाडू. प्रत्येक संघात सात जण असतात, तीस-तीस मिनिटांचे दोन डाव होतात आणि ऑफसाइडचा नियम नसतो. 1984 ते 2016 या काळात हा खेळ पॅरालिम्पिकमध्ये होता. जगभर पुरेसा प्रसार नाही, या कारणाने तो टोकियोच्या स्पर्धेतून वगळण्यात आला. 2024 च्या पॅरिस स्पर्धेतही तो नव्हता आणि 2028 च्या लॉस एंजेलिस स्पर्धेतही नसेल.

संघ थोडे म्हणून मान्यता नाही, आणि मान्यता नाही म्हणून संघ वाढत नाहीत, असे हे दुष्टचक्र आहे. बीडजवळील पालीसारख्या गावी ते अधिक घट्ट होते. या जिल्ह्यातील लाखो ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन गाव सोडतात. ज्या बालकाला नियमित व्यायामोपचारांची गरज आहे, ते एक तर फडावरच्या कोपीत राहते किंवा आजी-आजोबांपाशी मागे उरते. उपचार खंडित होतात, शाळा सुटते. अशा बालकापर्यंत निवड समिती पोहोचणार तरी कशी?

कायदा मात्र स्पष्ट आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मान्य केले. मेंदूचा पक्षाघात त्यांपैकी एक होय. त्याच कायद्याच्या कलम 30 ने क्रीडासुविधांची जबाबदारी शासनावर टाकली आहे. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 60 हजार दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांतील किती जणांच्या वाट्याला मैदान आले, हा प्रश्न आम्ही विचारू इच्छितो.

मुंबईत 1972 साली डॉ. मिठू अलूर यांनी अशा मुलांसाठी शाळा सुरू केली, तेव्हा त्यांच्या शिक्षणावर समाजाचा विश्वास नव्हता. आज तो बऱ्याच अंशी आहे. खेळाबाबत आपण अजून त्या पहिल्या पायरीवरच आहोत.

या फुटबॉलचा एक नियम आम्हांस विशेष भावतो. खेळाडूंचे मर्यादेच्या तीव्रतेनुसार तीन वर्ग केले जातात. सर्वाधिक मर्यादा असलेल्या वर्गातील किमान एक खेळाडू संघाने सतत मैदानात ठेवलाच पाहिजे. सौम्य मर्यादेचा मात्र एकाहून अधिक चालत नाही. म्हणजे सर्वांत अशक्ताला बाकावर बसवून विजय मिळवता येत नाही. शरीराचे जे अवयव दुर्बळ भासतात तेच आवश्यक असतात, ही संत पौलाची करिंथकरांना दिलेली शिकवण येथे खेळाचा नियम झाली आहे.

आमच्या मते राष्ट्रीय संघाची सुरुवात दिल्लीत नव्हे, तर गावच्या पटांगणात होते. आपल्या धर्मग्रामांनी व शाळांनी परिसरातील अशा मुलांची नोंद करावी, त्यांना दिव्यांग प्रमाणपत्र मिळवून द्यावे आणि आठवड्यातून एक तास इतर मुलांबरोबर खेळू द्यावे. पक्षाघाती माणसाला प्रभूपुढे नेण्यासाठी चौघांनी छप्पर उघडले होते. आपल्याला तर केवळ शाळेचे फाटक उघडायचे आहे.