संगणकाचा रोग आणि शेजारधर्म

घरांत कोणास ताप आला तर आपण तो लपवून ठेवीत नाहीं. शेजारीण विचारते, आपण सांगतों. कोणी काढा सुचवितें, कोणी चांगल्या डॉक्टरांचें नांव देतें. आणि मुलास गोंवर किंवा कांजिण्या आल्या असतील, तर ‘चार दिवस तुमचीं मुलें आमच्याकडे पाठवूं नका’ असा निरोप आपण होऊन धाडतों. परंतु घरांतला संगणक आजारी पडला म्हणजे आपली जीभ एकाएकीं जड होते. आपण कांहीं भलतेंच बटण दाबलें असेल, लोक हंसतील, असें मनांत येतें आणि ‘झांकली मूठ सव्वा लाखाची’ या म्हणीचा आपण आश्रय करितों. ही म्हण इतरत्र कितीही खरी असो, संगणकाच्या बाबतींत ती खोटी आहे व घातकही आहे, असें माझें मत आहे. हें मत मला माझ्याच एका चुकीनें शिकविलें, आणि त्याचें मोल मात्र दुसऱ्या एका घरानें दिलें.

गेल्या वर्षीं सहामाही परीक्षेपूर्वीं मीं सरावाच्या प्रश्नपत्रिका घरीं टंकित केल्या व पेन-ड्राइव्हवर घालून छापून आणिल्या. दोन-तीन ठिकाणीं तो पेन-ड्राइव्ह लावला गेला. रोग नेमका कोठें लागला हें मला आजतागायत ठाऊक नाहीं. घरीं येऊन पाहतों तों माझ्या फोल्डरांच्या जागीं त्याच नांवांचीं, पण कोपऱ्यांत लहानसा बाण असलेलीं चित्रें दिसूं लागलीं. व्हायरस शिरला हें मीं ओळखलें. दोन संध्याकाळ खटपट करून संगणक साफ केला, आणि गप्प बसलों. ‘सरांना सगळें येतें’ असा वर्गाचा समज होता व तो मोडावा असें मला वाटेना, हें त्याचें कारण. मधल्या काळांत तोच पेन-ड्राइव्ह मीं चार विद्यार्थ्यांना प्रश्नपत्रिका उतरवून घेण्यासाठीं दिला होता. ही गोष्ट मला आठवत होती. तरीही मी बोललों नाहीं.

आठव्या दिवशीं त्यांतील एक विद्यार्थी तोंड उतरवून माझ्यापुढें उभा राहिला. त्याची आई घरीं पापड, कुरडया व शेवया करून विकते. तीन वर्षांचा हिशेब, गिऱ्हाइकांचीं नांवें, कोणाकडे किती येणें आहे याची टिपणें, सर्व तिनें एका पेन-ड्राइव्हवर ठेविलें होतें. मुलानें माझ्या प्रश्नपत्रिका घरच्या संगणकावर उतरविल्या आणि त्या संगणकावरून रोग आईच्या पेन-ड्राइव्हला लागला. पुढें त्यांच्या अँटीव्हायरसनें तीं बाणांचीं चित्रें ओळखून पुसून टाकिलीं, आणि पेन-ड्राइव्ह रिकामा दिसूं लागला. एका हितचिंतकांनीं सद्भावनेनेंच सांगितलें, ‘फॉर्मॅट करा, म्हणजे उरलासुरला रोगही जाईल.’ त्या माउलीनें तसें केलें, त्यावर नव्या फायली घातल्या, आणि जुना हिशेब कायमचा गेला.

आतां यांतील खेदाची गोष्ट ऐका. या जातीचा व्हायरस सहसा फायली नष्ट करीत नाहीं. तो त्या दडवितो. विंडोजमध्यें प्रत्येक फाइलीवर ‘ही लपवावी’ अशी खूण करितां येते. व्हायरस ती खूण करितो आणि खऱ्या फोल्डराच्या जागीं स्वतःचा बाण उभा करितो. आपण बाणावर टिचकी मारली कीं आधीं व्हायरस चालू होतो, मग फोल्डरही उघडतो, म्हणून संशयही येत नाहीं. अँटीव्हायरसनें बाण काढले तरी खूण तशीच राहते व पेन-ड्राइव्ह रिकामा भासतो. लपलेल्या फायली दाखविण्याची सोय विंडोजमध्येंच आहे व ती खूण काढण्याची आज्ञाही आहे. पांच मिनिटांचें काम! व्हायरसनें त्या घरचें कांहींच नेलें नव्हतें. जें गेलें तें घाईनें नेलें, आणि त्या घाईला वाट माझ्या मौनानें करून दिली. मीं वर्गांत एक वाक्य बोललों असतों तर तो हिशेब आज शाबूत असता.

व्हायरस हा कांहीं खरा जंतु नव्हे. तो माणसानेंच लिहिलेला आज्ञांचा संच आहे. स्वतःची नक्कल दुसरीकडे चिकटविणें हें त्याचें मुख्य काम. घरगुती संगणकांच्या आरंभकाळांतील प्रसिद्ध व्हायरस ‘ब्रेन’ हा १९८६ सालीं लाहोर येथील दोघां भावांनीं लिहिला; त्यांत त्यांनीं आपलीं नांवें, पत्ता व दूरध्वनि क्रमांकही घातला होता! तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जात देशोदेशीं पोंचला. त्या काळीं फ्लॉपी, मग पेन-ड्राइव्ह व ईमेल, आणि आतां मोबाइलवर लग्नाचें निमंत्रण म्हणून येणारी फाइल. वाहनें बदललीं, परंतु वाट एकच राहिली. ती वाट म्हणजे माणसाचा माणसावरील विश्वास. माझा पेन-ड्राइव्ह त्या मुलानें निःशंकपणें लाविला, कारण तो सरांचा होता.

हें समजण्यास आपल्या खानदेशांत फार दूर जावयास नको. कपाशीच्या शेताकडे पहा. बीटी कापूस भारतांत २००२ सालीं आला तेव्हां आतां बोंडअळीची चिंता मिटली असें वाटलें. पुढें गुलाबी बोंडअळीनें त्या बियाण्यालाही दाद देईनाशी झाली, आणि २०१७ सालीं तिनें महाराष्ट्रांतील कापसाची किती दैना केली हें शेतकऱ्यांच्या घरांतील मुलांस सांगावयास नको. तेव्हांपासून जाणकार एकच गोष्ट कंठरवानें सांगत आहेत: फरदड ठेवूं नका, पऱ्हाटी वेळेवर उपटा, कामगंध सापळे लावा, आणि हें सर्व गांवानें मिळून करा. कारण एकानें फरदड ठेविली तर अळी तेथें तग धरते व पुढच्या हंगामांत शेजाऱ्याच्या शेतांत उतरते. बियाणें कितीही चांगलें असो, बांध ही अळीला आडकाठी नाहीं. अँटीव्हायरसचें अगदीं असेंच आहे. तो चांगलें बियाणें आहे; गांवाची शिस्त त्यानें मिळत नाहीं.

संगणकाच्या जगांत तर बांध मुळींच नाहींत. २०१७ च्या जून महिन्यांत युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्रॅमवाटे ‘नॉटपेट्या’ नांवाचा उपद्रव पसरला आणि त्याच्या तडाख्यांत मुंबईनजीकच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका टर्मिनलचें काम बंद पडलें. त्याच वर्षीं १२ मे रोजीं ‘वॉनाक्राय’नें दीडशेंच्या आसपास देशांत संगणकांतील फायली कुलुपबंद करून खंडणी मागितली. ज्या फटींतून तो शिरला, ती बुजविण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें मार्चमध्येंच दिली होती. ज्यांनीं ती वेळेवर बसविली त्यांना ती वाट बंद होती. ज्यांनीं ‘उद्यां पाहूं’ म्हटलें ते सांपडले. म्हणून विंडोज व अँटीव्हायरस हीं दोन्ही अद्ययावत ठेवणें, आणि जपावयाच्या फायलींची दुसरी प्रत वेगळ्या जागीं ठेवणें, हें मी पहिलें पथ्य मानतों.

मग बोलावयाचें कसें? वैद्यापुढें ‘बरें वाटत नाहीं’ एवढेंच म्हणून भागत नाहीं. कोठें दुखतें, केव्हांपासून, काय खाल्लें, हें सांगावें लागतें. तसेंच ‘संगणक बिघडला’ एवढें सांगणें व्यर्थ होय. पडद्यावर जो संदेश आला तो जसाच्या तसा उतरून घ्या किंवा त्याचें छायाचित्र घ्या. तो केव्हां आला, त्याआधीं काय नवें बसविलें किंवा काय जोडलें, तें आठवा. विंडोज कोणती, अँटीव्हायरस कोणता, तो शेवटीं केव्हां अद्ययावत झाला, तें पहा. स्वतः काय काय करून पाहिलें तें प्रामाणिकपणें सांगा. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे गुण आला कीं नाहीं हें मागाहून कळवा. आपण सल्ला घेतों आणि काम झालें कीं विसरतों. त्यामुळें सल्ला देणाऱ्यासही त्याचें औषध लागू पडलें कीं नाहीं हें कळत नाहीं, आणि तो तेंच दुसऱ्यास देत राहतो.

यावर कोणी विचारील, ‘अर्धवट माहितीच्या माणसांनीं एकमेकांस सल्ले द्यावे, यांतूनच तर तो हिशेब गेला ना?’ आक्षेप खरा आहे, आणि मी तो टाळीत नाहीं. सल्ला घ्यावा, पण पारखून घ्यावा. जो सल्ला पुसून टाका, फॉर्मॅट करा असें म्हणतो, म्हणजे ज्यापासून परत फिरतां येत नाहीं, तो सर्वांत शेवटीं व दुसऱ्या जाणत्यास विचारूनच आचरावा. ‘अँटीव्हायरस बंद करा, मग हा खेळ चालेल’ असें जो सांगतो त्याला चोरानें कुलूप काढावयास सांगितल्याप्रमाणें समजावें. एकाऐवजीं दोन-तीन अँटीव्हायरस बसविल्यानें बळ वाढत नाहीं. ते एकमेकांच्या पायांत पाय घालतात व संगणक मंदावतो. विंडोज ८ पासून विंडोजबरोबर स्वतःचा रखवालदार येतोच. तो जागा ठेवला व अद्ययावत राखला तरी साध्या घरास पुष्कळ आधार होतो. फुकट मिळालेली चोरटी प्रत तर औषधाच्या बाटलींतलें विषही असूं शकते. आणि ‘तुमच्या संगणकांत व्हायरस आहे’ असा ज्या अनोळखी माणसाचा आपण होऊन फोन येतो, त्याला संगणकाचा ताबा कधींही देऊं नये. पैसे गेलेच तर त्याच घटकेस १९३० या क्रमांकावर कळवावें. लाजेपायीं दवडलेला प्रत्येक तास चोराच्या पदरांत पडतो. केंद्र सरकारनें २०१७ सालीं सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलें असून संगणक साफ करण्याचीं साधनें तेथें विनामूल्य मिळतात.

रखवालदारही चुकतो, हें ध्यानांत असूं द्यावें. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या संरक्षक कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळें जगांतील सुमारें ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले व विमानें खोळंबलीं. यावरून रखवालदारच नको असें ठरत नाहीं. त्याच्यावरही डोळा असावा एवढेंच ठरतें. तो जागा आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं जाणत्यांनीं ‘आयकार’ नांवाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी परीक्षा-फाइल करून ठेविली आहे. खरा व्हायरस नसूनही प्रामाणिक अँटीव्हायरस तिला पाहतांच आरोळी देतो.

आणि सामान्यांच्या बोलण्यांतून कांहीं निपजत नाहीं असें म्हणणारांनीं पुण्याकडे पहावें. सातारा जिल्ह्यांतील कैलास काटकर यांचें शिक्षण दहावीच्या पुढें गेलें नाहीं. ते पुण्यांत कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. पुढें संगणक-दुरुस्तीचें काम येऊं लागलें, आणि आलेल्या यंत्रांत व्हायरसचा उपद्रव दिसूं लागला. त्यांचे धाकटे बंधु संजय हे संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनीं त्यावर उतारा म्हणून प्रोग्रॅम लिहिले. त्यांतूनच १९९० नंतरच्या दशकांत ‘क्विक हील’ हा अँटीव्हायरस जन्मास आला, आणि त्या कंपनीचे शेअर २०१६ सालीं बाजारांत आले. त्या दुकानांत जीं यंत्रें आलीं, तीं लोकांनीं तक्रार घेऊन आणलीं म्हणूनच आलीं. सर्वांनीं आपापला रोग घरांत दडवून ठेविला असता, तर औषध शोधणारास रोगी तरी कोठें दिसला असता?

पालकांस माझी हात जोडून एक विनंती आहे. मूल येऊन ‘माझ्या हातून कांहीं भलतेंच उघडलें गेलें’ असें म्हणालें, तर प्रथम रागें भरूं नका. ज्या घरांत कबुलीस मार मिळतो, त्या घरांत पुढचा व्हायरस आठ दिवस लपून राहतो. आधीं इंटरनेट तोडा, मग शांतपणें विचारा, आणि ज्यांच्याशीं त्या आठवड्यांत फायलींची देवघेव झाली त्यांना लागलीच कळवा. विद्यार्थ्यांनो, तुम्हांसही सांगणें हेंच. तुमच्या सरांनाही सगळें येत नाहीं. न येणें ही लाजेची गोष्ट नव्हे. ठाऊक असून न सांगणें ही आहे.

त्या विद्यार्थ्याच्या घरीं मी दुसऱ्या दिवशीं गेलों आणि जें घडलें तें त्याच्या आईस सांगितलें. ती रागावली नाहीं. पाटावर बसवून तिनें चहा दिला, आणि म्हणाली, ‘सर, तेव्हां नुसता एक फोन केला असता तर!’ त्या वाक्यास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. तीन रविवार आम्हीं तिघांनीं बसून तिच्या आठवणींतून जेवढीं नांवें व रकमा निघाल्या तेवढ्या पुन्हा लिहून काढिल्या. कांहीं गिऱ्हाइकांनीं आपण होऊन येणें सांगितलें, कांहींनीं सांगितलें नाहीं. आतां तिचा हिशेब दोन ठिकाणीं असतो. माझ्या वर्गाच्या फळ्यावर एका कोपऱ्यांत जागा राखलेली आहे. ज्याच्या घरीं संगणकास कांहीं झालें असेल त्यानें सकाळीं येऊन तेथें लिहावें असा आमचा नेम आहे. त्या कोपऱ्यांत पहिलें नांव मीं माझें लिहिलें.