मागे फिरण्याचे शौर्य

कोरगावात बर्फ म्हटले की आम्हां सर्वांच्या डोळ्यांपुढे मासळीच्या पेटीतला बर्फच उभा राहतो. आकाशातून उतरणारे हिम आमच्यापैकी फारच थोड्यांनी पाहिले असेल. मग आमच्या वार्षिकांकात हिमाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. शाळा सोडून गेलेली आमची मुले आज पदभ्रमणासाठी हिमालयात जातात, कोणी सैन्यात दाखल होतात, आणि दिवाळीच्या सुटीत कित्येक कुटुंबेही बर्फ पाहावयास उत्तरेची वाट धरतात. नेमका हाच, हिवाळ्याच्या आरंभीचा काळ हिमाच्या बाबतीत फार फसवा असतो.

४ ऑक्टोबर २०२२ चा दिवस आठवावा. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी 'द्रौपदी का दांडा' या शिखरावर चढाईचे शिक्षण घेत होती. शिखराजवळच्या उतारावरून हिमाचा लोट सुटला. त्यानंतरच्या दिवसांत २७ जणांचे मृतदेह हाती आले. दोघांचा पत्ता त्या वेळी लागलाच नाही. मृतांत बहुतेक शिकाऊ तरुण होते. परंतु त्याच वर्षी एव्हरेस्ट सर करणाऱ्या, त्यांच्या शिक्षिका सविता कंसवाल याही होत्या. त्या दिवशी कोणाचे काय चुकले, याचा निवाडा करण्याचा आम्हांस अधिकार नाही. पण पर्वत निष्णातांचीही गय करीत नाही, एवढा बोध त्यातून अवश्य घ्यावा.

'अजून हिम थोडेच पडले आहे, मग भय कसले?' असा प्रश्न सहज मनात येतो. परंतु धोक्याचे बीज पुष्कळदा या थोड्या हिमातच असते. आरंभीचे पातळ हिम जमिनीवर पडून राहते. खाली जमीन त्या मानाने उबदार, वर निरभ्र रात्रीची कडक थंडी. त्यामुळे पातळ थरातून वाफ सतत वर सरकते आणि हिमाचे मऊ कण साखरेच्या जाड दाण्यांसारखे बनतात. ते रव्यासारखे सुटे राहतात. एकमेकांस धरीत नाहीत. पुढे त्यांवर नवे हिम पडते, वारा ते आणून दडपतो आणि वर घट्ट लादी तयार होते. चिऱ्यांची भक्कम भिंत वाळूच्या पायावर उभारावी, तसा हा प्रकार. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर अशा लादीवर एखादे पाऊल पडले, की खालचे दाणे ढासळतात आणि सारा उतार घसरू लागतो. अशा हिमात सापडणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत तो लोट त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्या भारानेच सुटलेला असतो. गाडल्या गेलेल्या माणसास पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले, तरच वाचण्याची आशा मोठी असते.

आणखी एक गोष्ट आम्हां किनाऱ्यावरच्या लोकांनी ध्यानी ठेवण्याजोगी आहे. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी 'हुदहुद' चक्रीवादळ विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर आदळले. त्याचेच अवशेष दोन दिवसांनी नेपाळात पोचले आणि अन्नपूर्णा परिसरात, ५,४१६ मीटर उंचीच्या थोरांग खिंडीच्या आसपास, अकाली हिमवादळ व हिमलोट झाले. चाळीसहून अधिक माणसे दगावली. समुद्रावरचे वादळ हिमालयात हिम होऊन कोसळते! तेव्हा पर्वतावर जाणाऱ्याने केवळ डोक्यावरचे निळे आकाश पाहून भागत नाही.

यावर उपाय नाही असे नाही. हिमलोटांच्या संभवाची पूर्वसूचना देणारी संरक्षण खात्याची संस्था चंदीगडला आहे. जाणकार मार्गदर्शक हिमात खड्डा खणून थरांची परीक्षा करतात. अडचण आहे ती आमच्या मनात. रजा काढली, पैसे भरले, इतक्या दूर आलो; आता शिखर न पाहता परतावयाचे कसे? शिवाय गावात लोक काय म्हणतील? शाळाही या दोषातून मुक्त नाहीत. शिखर गाठणाऱ्याचा आम्ही सत्कार करतो. धोका ओळखून अर्ध्या वाटेवरून सोबत्यांना सुखरूप परत आणणाऱ्याला मात्र हारही मिळत नाही, शाबासकीही मिळत नाही.

कोणी म्हणतील, अशाने मुले भित्री होतील. आम्हांस हे मान्य नाही. आमच्याच पेडणे महालातील केरी, हरमल, मोरजीच्या रापणकारांकडे पाहा. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करतात. त्यांना आजवर कोणी भित्रे म्हटले आहे काय? समुद्राची ओळख आहे, म्हणूनच थांबण्याची वेळ त्यांना कळते. हीच शिकवण पर्वतालाही लागू आहे.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, हिमालयात अवश्य जा. जाण्यापूर्वी वाटाड्याला विचारा, की वरचे हिम कोणत्या थरावर बसले आहे. आणि तो 'आज नको' म्हणाला तर हुज्जत न घालता परत फिरा. तुम्ही शिखराशिवाय घरी आलात, तरी तुमचे आईवडील दारात तितक्याच आनंदाने तुमचे स्वागत करतील. आमच्या शाळांनीही यापुढे तसेच करावे, अशी आमची विनंती आहे.