लपविलेला खोकला

“खोकलाच तो, जाईल आपोआप,” असें आमच्या कानीं वारंवार पडतें. पुष्कळदां तो जातोही. परंतु दोन आठवडे उलटूनही जो हटत नाहीं, ज्याच्या सोबतीला सायंकाळचा बारीक ताप, रात्रींचा घाम व वजनाची घट येते, तो क्षयाचा असूं शकतो. थुंकींत रक्त दिसल्यास तर एक दिवसही दवडूं नये.

डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ सालीं अमेरिकेंत वैद्यकीची पदवी घेऊन परतल्या आणि १८८७ सालीं, वयाचीं २२ वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, क्षयानें निवर्तल्या. ह्या रोगाचा जंतु रॉबर्ट कॉख ह्यांनीं १८८२ सालीं शोधला होता. पण त्यावर गुणकारी असें स्ट्रेप्टोमायसिन १९४३ सालीं सांपडलें. आनंदीबाईंपाशीं ज्ञान होतें, औषध नव्हतें.

आज सरकारी दवाखान्यांत तपासणी व औषधें विनामूल्य मिळतात. तरी “मुलीचें लग्न कसें जमेल?” ह्या धास्तीनें कित्येक आईबाप रोग झांकतात, व तोंवर तो घरांतील इतरांस जडतो. औषध साधारणतः सहा महिने घ्यावें लागतें. बरें वाटतांच तें सोडल्यास जंतु औषधाला दाद देईनासे होतात.

पालकहो, मूल खोकूं लागल्यास दिवस मोजा. दोन आठवडे होतांच दवाखाना गांठा. विद्यार्थ्यांनो, आजारी सोबत्याची थट्टा करूं नका. तुमच्या थट्टेच्या भयानेंच तो आपला खोकला लपवीत असेल.